सुकटीच्या मैदानाची सुनावणी

हौसाला, इराचा संशय

"कोनाची मानसं तुमी?"

"कोणाचीच नाही, मावशी. मी स्टुडंट आहे."

"कोनाची तरी असशीलच. निदान बापाची."

मागच्या बाया हसल्या. इराही हसली, आणि लगेच तिला वाटलं, हसायला नको होतं. हौसा हसत नव्हती. ती बसल्या जागेवरून इराच्या बुटांकडे बघत होती.

"मोजायला आलेले तेबी स्टुडंटच बोललेले. काठ्या रोवून गेले. एक काठी अजून तिकडं हाय, बघ. आमी टोपली टांगतो तिला."

"मी मोजायला नाही आले. ऐकायला आलेय."

"ऐकायला?" हौसा शेजारणीकडे वळली. "मैना, ही ऐकायला आलीय गो. माझा नवरा जन्मात ऐकायला बसला नाय, आनि ही खांदा कॉलनीतनं उन्हाची आली."

खांदा कॉलनी हा शब्द इरानं अजून काढलाच नव्हता. हौसाला कसं कळलं, हे तिनं विचारलं नाही. पण परत जाताना तिनं दोनदा मागे वळून पाहिलं.

(बॅगेवर क्लासचं नाव छापलेलं होतं, पत्त्यासकट. ते तिला घरी गेल्यावर दिसलं.)

जागा सांगायची तर पनवेलच्या खाडीच्या अंगाला असलेलं मोकळं मैदान. दिवस मे महिन्याचे. जमिनीवर जुनी जाळी अंथरून त्यावर जवळा, मांदेली आणि सोललेल्या कोलंबीचे सोडे वाळत घातलेले, बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर करंजा बंदरावरून टेम्पोनं आलेले बोंबील उलटे लटकलेले. पावसाळ्याची बेगमी करायला अर्धं पनवेल इथे येतं, नाकाला रुमाल लावून. बाया मैदानाला सुकटीचं मैदान म्हणतात. कुंपणाला चिकटवलेल्या नोटिशीत त्याचं नाव भूखंड असं होतं. तिथे खाडीकाठचा चालण्याचा ट्रॅक, बाकडी आणि गाड्यांचं पार्किंग होणार होतं, आणि कुणाच्या हरकती व सूचना असतील तर त्यांनी सुनावणीत मांडाव्यात असं म्हटलं होतं. मैदान गेलं तर हौसानं मासळी कुठे वाळवायची, याबद्दल नोटिशीत एक अक्षर नव्हतं. हौसाला दुसरा धंदा येत नव्हता. तो शिकायचं वयही तिचं राहिलं नव्हतं.

हौसा कुणाची पुढारी नव्हती. ती फक्त सगळ्यांच्या आधी बोलायची.

इरा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झालेली. 'सहनगर' नावाच्या संस्थेत तिला उन्हाळी इंटर्नशिप मिळाली होती, विषय शहर आणि सामाजिक न्याय. काम असं, की मैदानावरच्या बायांचं म्हणणं मोबाईलवर रेकॉर्ड करायचं. त्याची छोटी फिल्म होणार आणि ती सुनावणीत दाखवली जाणार. बाया सुनावणीत बोलायला घाबरतील, बोलल्या तरी त्यांना कुणी वेळ देणार नाही, म्हणून फिल्म. संस्थेचा प्रमुख सत्यजीत यानं पहिल्याच दिवशी हे समजावून सांगितलं होतं. त्याला सर म्हटलेलं चालत नसे.

"मी सर नाही. सत्यजीत म्हणा. हायरार्की इथूनच सुरू होते," असं तो म्हणाला आणि मग सगळ्यांना खाली बसायला लावून स्वतः उभा राहून बोलला.


बायांना, एका वाक्याचा

रेकॉर्डिंगच्या आधी प्रत्येकीला विचारायचं. विचारलेलंही रेकॉर्ड व्हायला हवं. हा नियम होता, आणि इराला तो फार आवडला होता. विचारायचं वाक्य सगळ्या इंटर्न्ससाठी तिनंच तयार केलं.

"आपली संमती आहे का?"
बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "लगीन कोनाचं हाय?"

"आपण परवानगी द्याल का?"
"आमच्याकडं कुठली परवानगी? परवानग्या हापिसात भेटतात."

"इथे एक सही कराल का?"
मैना उठून गेली. तिच्यामागे आणखी तिघी गेल्या.

"मी हे रेकॉर्ड केलं तर हरकत नाही ना?"
"हरकत नाय. बोल."

जमलं. झटक्यासरशी. मैनाची हरकत नाय, मैनाच्या जावेची नाय, बोंबीलवाल्या म्हातारीची नाय. हौसानंसुद्धा इराला पाय दुखेस्तोवर उभं ठेवलं आणि मग टोपली सरकवून जागा करून दिली. "हरकत नाय. बस. पन पाय जाळ्यावर ठेवू नको."

साधा, घरातला, रोजचा शब्द. इराला स्वतःच्या मराठीचा अभिमान वाटला. तिनं ते वाक्य ग्रुपवर टाकलं. सत्यजीतनं त्यावर टाळ्यांचं चित्र टाकलं.


सुनीताला, सगळ्याच प्रकाराचा

(इराची आई सुनीता. बोलणारी ती एकटीच, इरा जेवतेय.)

"फिल्म तुम्ही करणार, दाखवणार ते. नाव कोणाचं लागणार?

"हसण्यासारखं काय आहे? मी ऑफिसात एवढी वर्षं काय केलं मग? काम करणारा एक असतो आणि फोटोत दुसरा असतो.

"त्यांचं ऑफिस कुठेय म्हणालीस? त्या नवीन टॉवरमध्ये? वरच्या मजल्यावर? समुद्र दिसतो? खाडी दिसते, बरं, खाडी दिसते. आणि अशी जागा त्यांना कोणी दिली, हे तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं का?

"विचार म्हणत नाहीये मी. मी फक्त म्हणतेय, विचारलं का.

"भात घे. आणि त्या मैदानावर रोज जातेस, तर सोडे आणलेस का कधी? नाही ना. मग काय शिकलीस?"


कुणालाच कुणाचा नाही

असा एक दिवस झाला. फार मोठा नव्हता, दुपारचा तुकडाच.

वारा सुटला होता. जवळा उडू नये म्हणून बाया जाळ्यांच्या कडांवर दगड ठेवत धावत होत्या. इरानं मोबाईल तसाच चालू ठेवून दगड उचलायला घेतले. तिनं ठेवलेला पहिला दगड हौसानं पायानं बाजूला केला, दुसरा राहू दिला. मग हौसा बोलायला लागली. कुणी प्रश्न विचारला नव्हता.

"इथला वारा चांगला. दोन बाजूंनी येतो. तिकडं गावात घरांवर घरं झाली, वारा कुठनं येनार? पत्र्यावर घातलं तर जळतं, सावलीत घातलं तर किडतं. बोलतात मार्केटात गाळा देऊ. गाळ्यात काय वाळवू? केस?"

मैना खो खो हसली.

"आनि हे कॉलनीवाले. सकाळी चालायला येतात, नाक धरून जातात. संध्याकाली त्यांच्याच बाया रिक्षा करून येतात, सोडे दे, सोडे दे. नाक घरी ठेवून येतात वाटतं. आमी इथनं उठनार नाय. उठवा बघू. आयशीनं हितंच वाळवलं माझ्या, मीबी हितंच वाळवनार. ज्याला चालायचंय त्यानं बाजूनं चालावं, रस्ता काय थोडा हाय?"

इरा घरी जाताना रिक्षात बसून ते परत ऐकत होती. वाऱ्याचा घों घों आवाज, कावळे, मागे टेम्पोचा हॉर्न. मध्येच "वाळवू" ऐकू यायचं. मध्येच "नाक". हे फिल्ममध्ये कसंही करून स्वच्छ करून घ्यायचं, असं तिनं ठरवलं. एडिटिंग सुशांतकडे होतं. सुशांत पुण्याचा, तोही इंटर्न, स्वभावानं गरीब आणि सॉफ्टवेअरमध्ये हुशार.


इराला, सत्यजीतचा

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी टॉवरमधल्या ऑफिसात फिल्म दाखवली. पडदे ओढलेले, त्यामुळे खाडी दिसत नव्हती.

आकाशातून मैदान. ड्रोननं काढलेलं. इतक्या उंचावरून सुकट म्हणजे जमिनीला आलेला डाग वाटतो.

बासरी.

अक्षरं: हरकती. मग मैनाचा चेहरा, समोरून, स्वच्छ. "हरकत नाय."

मैनाची जाऊ. "हरकत नाय."

बोंबीलवाली म्हातारी, दात नसलेलं हसू. "हरकत नाय गो."

एकामागून एक. मग हौसा. ऊन डोळ्यांवर, हातात रिकामी टोपली. "हरकत नाय." टोपली सरकते. पुढचं कापलेलं.

अक्षरं: सूचना. पुन्हा मैना. "नळ पायजे एक हितं. पानी लांबनं आनावं लागतं."

बासरी. आभार. इंटर्न्सची नावं. इराचं नाव पहिलं.

टाळ्या वाजल्या. इराला आधी वाटलं, आपण मधला भाग बघितला नाही, डोळा लागला असणार.

"सुशांत, हे काय आहे?"

"आवडलं नाही? बासरी जास्त झाली का?"

"त्या रेकॉर्डिंगला हो म्हणतायत! मोबाईल चालू केला तर हरकत नाही, असं म्हणतायत. मैदान घ्यायला नाही."

सुशांत पडद्याकडे बघत राहिला. पडदा आता पांढरा होता.

"पण विषयच हरकती आणि सूचना आहे ना," तो म्हणाला. "एवढे तास कोण ऐकणार? मी आपोआप टाईप करून घेतलं सगळं. त्यात 'हरकत' शोधलं. जिथे जिथे आलं, ते घेतलं. सगळ्यांचं 'हरकत नाही'च आलं. मला वाटलं, वा, क्लिअर आहे." मग बारीक आवाजात, "बाकी बोलण्यात तो शब्द एकदाही नाहीये, इरा. मी खरंच शोधला."

तो शब्द नव्हताच. उठनार नाय, उठवा बघू, रस्ता काय थोडा हाय. माझी हरकत आहे असं तोंडानं कोण म्हणतं?

ती सत्यजीतकडे गेली. तो खिडकीचा पडदा उघडत होता.

"फिल्म गेली इरा. काल सबमिट झाली."

"परत मागवा. चूक आहे ती."

"चूक हा मोठा शब्द आहे. बघ, तू कम्युनिटीच्या फार जवळ गेलीयस, होतं असं पहिल्या वेळी. आपण भांडायला नाही बसलोय. आपण पूल आहोत. नळाची मागणी आलीय ना फिल्ममध्ये? ती मंजूर होईल, मी बोललोय."

"कोणाशी बोललायत?"

तो हसला. "तू आईसारखे प्रश्न विचारतेस."

इराची आई त्याला कधी भेटली नव्हती. तो कुठल्याही आईबद्दल बोलत असेल. पण इराच्या डोक्यात प्रश्न सुटे सुटे पडायला लागले, आणि एकाचंही उत्तर ती पुरं करू शकेना. त्याला फिल्म आधी दाखवली होती का? सुशांतला 'हरकत' शोध असं कोणी सांगितलं, की त्याचं त्यालाच सुचलं? ड्रोन कोणाचा? ट्रॅक झाल्यावर त्याच्या उद्घाटनाला बासरी कोण लावणार? ही जागा कोणी दिली? आणि तिनं ते वाक्य ग्रुपवर टाकलं तेव्हा त्या टाळ्या नेमक्या कशाला होत्या?


हृतिकला, सगळ्यांचा

दुपारी ती मैदानावर गेली. हौसाजवळ तिचा भाचा हृतिक बसला होता. पांढरी गाडी, गॉगल, प्लॉटच्या खरेदीविक्रीत मध्यस्थी. त्याला इरावर संशय होता, संस्थेवर होता, आणि आत्याला कुणी गुपचूप गाळा कबूल केलाय की काय असा आत्यावरही होता.

इरानं सगळं सांगितलं. सरळ, काही न लपवता. उद्या पडद्यावर तुम्ही दिसाल, हरकत नाय म्हणताना. ते तुम्ही मोबाईलबद्दल म्हणाला होतात. पण तसं दिसणार नाही.

"मी असं बोललेच नाय," हौसा म्हणाली.

"बोललात मावशी. मी रेकॉर्ड करू का विचारलं तेव्हा."

"तवा मी बस बोलले. पाय जाळ्यावर ठेवू नको बोलले. हे मला आठवतं. ते दुसरं मी बोलले नाय. मैदानाला हरकत नाय असं मी मेले तरी बोलनार नाय."

"मैदानाला नाही हो, मोबाईलला—"

"मोबाईलची मला काय हरकत असनार? तो तुझा हाय."

इरानं शेवटी मूळ रेकॉर्डिंग लावून मोबाईल तिच्यापुढे धरला. हौसानं डोळे बारीक करून पाहिलं. मोबाईलमधली हौसा म्हणाली, हरकत नाय, बस.

हौसानं मोबाईल हातानं दूर सारला.

"हा माझा आवाज नाय," हौसा म्हणाली.

"तुझाच हाय गो," मैना म्हणाली.

"तू गप. तुला तुझ्या नवऱ्याचा आवाज वळखत नाय, फोनवर कोनालाबी जेवला काय इचारतेस."

"आत्या, एआय हाय ते," हृतिक म्हणाला.

"कोनाची आय?"

"कोनाची आय नाय. एआय. कंप्यूटर. फोटो घालायचा, आवाज घालायचा, पायजे ते बोलवायचं. माझ्याकडं रील हाय, बघ, पुढारी लावनी म्हनतोय." त्यानं गॉगल काढला आणि पहिल्यांदा इराच्या डोळ्यांत बघितलं. "काय मॅडम? तुमच्या हापिसात असंल ना हे सगळं?"

"असं काही केलेलं नाहीये. शपथ. शब्द त्यांचेच आहेत, फक्त—"

"म्हंजे आत्या खोटी?"

"नाही!"

"मग फिल्म खोटी. दोनातलं एक काय ते सांगा."

इराला दोन्ही सांगायचं नव्हतं. तिनं नवी युक्ती काढली: आत्ताच्या आत्ता सगळ्यांनी परत बोला, यावेळी नीट, आमची हरकत आहे असं म्हणा, मी रेकॉर्ड करते, उद्या मी स्वतः दाखवते. तिनं मोबाईल वर उचलला.

बायांनी पदर तोंडावर घेतले. एकीनं घेतला, मग दुसरीनं. जाळ्यांमधून इराकडे नुसते डोळे बघत होते.

"एकदा तोंड उघडलं त्याचं काय झालं ते तूच सांगितलंस," हौसा पदराआडून म्हणाली. "आता उद्या काय ते साहेबासमोर. जा तू."


अधिकाऱ्यांना, कुणाचाच नाही

सुनावणीचे अधिकारी दमलेले होते, एवढंच. हॉलमध्ये पंखे मोठ्यानं फिरत होते. पुढच्या खुर्च्यांवर सत्यजीत, सुशांत आणि इतर इंटर्न्स. इरा कडेला. मागे बाया, एकाच बाकावर दाटीनं बसलेल्या, मासळीच्या वासासकट. त्या दोन्हींच्या मधल्या रांगा रिकाम्या राहिल्या होत्या.

फिल्म सुरू झाली. बासरीला कुणीतरी वा म्हटलं. मैना पडद्यावर आली तशी मागे खसखस पिकली. मैना स्वतः लाजली. मग एकेक चेहरा, आणि अधिकारी मान हलवत शेजारच्या लेखनिकाला काही लिहायला सांगू लागले.

हौसा पडद्यावर आली. हरकत नाय म्हणाली.

"ती मी नाय!"

सगळा हॉल मागे वळला. खरी हौसा बाकावर उभी होती.

"बाई, खाली बसा. तुम्हीच दिसताय."

"तोंड माझं हाय. बोलतेय ती मी नाय. ती एआय हाय!"

हॉल हसला. हृतिक हसला नाही, तो दाराशी उभा राहून मोबाईलवर सगळं टिपत होता. तो ओरडला, "साहेब, खोटी फिल्म हाय ही! कंप्यूटरवर बनवलेली! चौकशी करा!" मग बाकीच्या बाया उठल्या. आमीबी नाय बोललो. आमचीबी तोंडं वापरली. मैनाही उठली. कालपर्यंत तिला आवाज ओळखू येत होता.

अधिकाऱ्यांनी टेबलावर पेन आपटलं. "ही फिल्म कोणी सादर केली?"

सत्यजीत शांतपणे उठला. "सहनगरनं. अत्यंत एथिकल प्रोसेस आहे आमची. प्रत्येकीची संमती घेऊन आमच्या इंटर्ननं रेकॉर्ड केलंय. इरा, उभी राहा. सांग सरांना."

इरा उभी राहिली.

"तुम्ही केलंत रेकॉर्डिंग?"

"हो सर."

"या बाई म्हणतात, त्या असं बोललेल्याच नाहीत. तुम्ही समोर होतात. फिल्म खरी की खोटी?"

"सर, वाक्य आहे, पण मी जो प्रश्न विचारला होता तो—"

"खरी की खोटी?"

"सर, म्हणजे शब्द खरे आहेत पण—"

"शब्द खरे आहेत," अधिकारी लेखनिकाला म्हणाले. लेखनिकानं पेन टेकवलं.

"थांबा!" इरा म्हणाली. "सर, मला पूर्ण सांगू द्या."

"मॅडम, माझ्यापुढे अजून एवढी प्रकरणं आहेत, आणि मागे हा गोंधळ. मला निबंध नको. खरी असेल तर मी ती नोंदीला घेतो, बाईंचं म्हणणं त्यात आलेलंच आहे, विषय संपला. खोटी असेल तर बाजूला ठेवतो आणि त्यांना तोंडी बोलू देतो. एक शब्द. खरी, की खोटी?"

तिला म्हणायचं होतं ते असं: त्या माझ्याशी नीट वागल्या म्हणून हरकत नाही म्हणाल्या, आपण सगळेच म्हणतो, शेजारी साखर मागायला आला तरी म्हणतो, खुर्ची सरकवताना म्हणतो, आणि ते वाक्य मी निवडलं, मला वाटलं ते सोपं आहे, त्यानंतर त्या दुपारभर वाऱ्यात जे बोलल्या ते इथे कुठेच नाही, त्यामुळे यातला प्रत्येक शब्द खरा असला तरी

सत्यजीत तिच्याकडे बघून मान हलवत होता. शाबासकी देतात तशी.

"खोटी," इरा म्हणाली.

सुशांतनं तोंडावर हात ठेवला. सत्यजीत खाली बसला नाही, उभाच राहिला. त्याला बहुधा बसायचं सुचलं नाही.

"फिल्म विचारात घेतली जात नाही," अधिकारी म्हणाले. "लिहा. आणि संस्थेनं याचा लेखी खुलासा करायचा. आता ज्यांना बोलायचंय त्यांनी एकेकानं पुढे या. बाई, तुम्ही आधी. तुमची हरकत काय आहे?"

हौसा पुढे गेली. वारा, पत्रा, गाळा, केस. सगळं बोलली. लेखनिकाला दोनदा पान उलटावं लागलं. केसांवर अधिकारी हसले आणि हसता हसता त्यांनी ते लिहून घ्यायला लावलं. शेवटी त्यांनी वाचून दाखवलं, की पुढचा निर्णय होईपर्यंत जागा आहे तशी राहील. बायांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हे खरं आहे का, असं त्यांनी हृतिकला दोनदा विचारून घेतलं.


बाहेर जिन्याखाली सत्यजीत इराजवळून गेला. "तुझ्या करिअरसाठी सांगतो," एवढंच म्हणाला आणि काही न सांगता गाडीत बसला. सुशांत मागे रेंगाळला होता.

"तू असं का म्हणालीस? मी काही खोटं केलं नव्हतं," तो म्हणाला. तो रडायच्या बेतात होता.

"माहितीय."

"लोक मला विचारतील, इरा."

इरानं बॅग खांद्याला लावली.

बाया रिक्षा ठरवत होत्या. इरा त्यांच्याकडे गेली. मैदान राहिलं, निदान आज राहिलं, आणि त्यातला एक शब्द आपला आहे, एवढं तिला वाटत होतं. हौसा तिला येताना बघत होती.

"मावशी, छान बोललात."

"तू खोटी बोललीस ना मगा? फिल्म खोटी हाय असं?"

"हो."

"म्हंजे ते तू केलंस."

इरानं तोंड उघडलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर लेखनिक बिडी ओढत उभा होता. हृतिकच्या हातात मोबाईल होता आणि त्यावरचा लाल ठिपका चालू होता. आता खरं सांगितलं तर हौसाला आज पटणार नाही, पण परवा पटेल, आणि पटलं की ती सगळ्यांच्या आधी बोलेल, मैदानावर, टेम्पोवाल्यांपुढे, साहेबाच्या शिपायापुढे, की ती पोरगी बोलली, फिल्म खरीच होती.

"केलंस ना?" हौसानं विचारलं. आवाजात राग नव्हता. नुसतं नक्की करून घेणं होतं. "माझ्या तोंडात घातलंस?"

"हो," इरा म्हणाली.

हौसानं मान हलवली. पहिल्या दिवसापासून जे वाटत होतं तेच निघालं, याचं तिला बरं वाटलेलं दिसलं. ती मैनाला म्हणाली, "बोलले होते की नाय तुला?"

मग रिक्षात बसताना तिनं इराच्या हातातला मोबाईल बंद आहे की चालू ते वाकून पाहिलं. बंद होता. तरी तिनं पदर ओढून तोंडावर धरला, आणि रिक्षा वळेपर्यंत तो खाली घेतला नाही.